खासगी खिडकी: ब्राउझर, सर्च इंजिन आणि आपण

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंनी आम्हाला विचारलं होतं, "सर, आजाराचं, औषधाचं काही शोधायचं असलं की मी इनकॉग्निटो खिडकी उघडते. मग ते कुणाला कळत नाही ना?" त्या दिवशी वेळ संपला होता, म्हणून "कळतं" एवढंच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आजचं व्याख्यान हे त्या अर्धवट उत्तराचं उरलेलं अर्ध आहे असं समजा.

आधी त्या खिडकीचंच पाहू. इनकॉग्निटो किंवा खासगी खिडकी बंद केली की त्या बैठकीचा इतिहास आणि कुकीज तुमच्या यंत्रावरून पुसल्या जातात. म्हणजे घरातला दुसरा माणूस तोच संगणक उघडून बसला तर त्याला काही दिसत नाही. पण ज्या संकेतस्थळावर तुम्ही गेलात त्याला तुम्ही आलात हे दिसतं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कोणत्या स्थळाकडे वळलात हे कळू शकतं. आणि त्या खिडकीत तुम्ही आपल्या खात्यात लॉग-इन केलंत, तर मग नाव सांगूनच आत गेलात की! थोडक्यात, ही खिडकी घरच्यांसाठी बंद होते, बाजारासाठी नाही. अमेरिकेत 2020 मध्ये काही वापरकर्त्यांनी याच मुद्द्यावर गूगलवर दावा लावला. 2024 मध्ये त्यात तडजोड झाली आणि अब्जावधी नोंदी नष्ट करायचं, तसंच इनकॉग्निटोबद्दलची सूचना अधिक स्पष्ट लिहायचं गूगलने मान्य केलं. त्या बाई भोळ्या होत्या असं म्हणू नका. खिडकीवर जे नाव लिहिलं होतं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, इतकंच.

आता शब्दाकडे येऊ. 'प्रायव्हसी'ला आपण मराठीत सर्रास 'गोपनीयता' म्हणतो. आमच्या मते निम्मा घोटाळा इथेच होतो. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगं. मग लगेच पुढचं वाक्य येतं, "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मला काय करायचंय?" हा युक्तिवाद त्या शब्दानेच आपल्या हातात दिलेला असतो.

'खासगी' हा शब्द याहून बरा आहे. होळकरांच्या राज्यात दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. अहिल्याबाईंनी देशभर देवळं आणि घाट बांधले, त्यांचा खर्च खासगीतून झाला. ही खासगी काही लपलेली नव्हती, ती आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा अर्थ एवढाच, की हे कसं वापरायचं ते ठरवण्याचा अधिकार ज्याचं त्याचं आहे. आपण आज ज्याबद्दल बोलतो आहोत ते हेच. मी काय वाचलं, काय विचारलं, कोणत्या दुखण्याची चौकशी केली, हे कुणाला आणि कोणत्या कामासाठी कळावं ते कुणी ठरवायचं? प्रश्न अधिकाराचा आहे, गुपिताचा नाही.

सर्च इंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न फार नाजूक होतो. शोधपेटीत आपण जे लिहितो ते दुसऱ्या माणसाशी बोलणं नसतं. ते अर्धवट विचार असतात. ज्या शंका डॉक्टरला विचारायचं धाडस होत नाही, त्या तिथे लिहिल्या जातात. 2006 साली एओएल या कंपनीने संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले दोन कोटी शोध खुले केले. नावं काढून टाकली होती, त्यांच्या जागी नुसते आकडे होते. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यातल्या एका आकड्यामागची वृद्ध बाई शोधून काढली. गावाचं नाव, आडनाव, कुत्र्याची तक्रार, असे धागे जुळवत ते थेट तिच्या घरी पोचले.

त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. त्या बाईच्या शोधांत बरेच आजार होते. ते तिचे नव्हते, मैत्रिणींचे होते. त्यांच्यासाठी ती माहिती काढून देत असे. आता ही यादी एखाद्या विमा कंपनीच्या हाती पडली असती तर तिने काय निष्कर्ष काढला असता? म्हणजे नोंदींचा धोका दुहेरी आहे. त्या आपल्याबद्दल खरं सांगतात तेव्हाही त्रास, आणि खोटं सांगतात तेव्हाही. खोट्याचा खुलासा करायला तर आपल्याला कुणी बोलावतही नाही.

हे घडतं कसं, ते थोडक्यात समजून घेऊ. 1994 मध्ये नेटस्केपमध्ये कुकी जन्माला आली. संकेतस्थळाला गिऱ्हाईक ओळखू यावं, त्याने टोपलीत काय ठेवलं ते लक्षात राहावं, असा साधा हेतू होता. पुढे एकाच पानावर दहा जाहिरातदारांचे तुकडे बसू लागले आणि प्रत्येकजण आपली कुकी ठेवू लागला. तोच जाहिरातदार दुसऱ्या हजार पानांवरही बसलेला असतो. म्हणून तुम्ही इथून तिथे गेलात हे त्याला कळतं. यालाच तृतीय पक्षाची कुकी म्हणतात.

दुसरी पद्धत म्हणजे ठसा, फिंगरप्रिंटिंग. तुमच्या पडद्याचा आकार, फॉन्ट, भाषा, प्रणाली, असे बारीकसारीक गुण एकत्र केले की तुमचं यंत्र गर्दीतून वेगळं ओळखता येतं. कुकी पुसता येते, ठसा पुसता येत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2010 मध्ये याचा प्रयोग केला, तेव्हा नमुन्यातले 80 टक्क्यांहून अधिक ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. त्या प्रयोगाचं नाव होतं 'पॅनॉप्टिक्लिक'. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे बेंथम आठवणारच. त्याच्या पॅनॉप्टिकॉन तुरुंगात कैद्याला आपल्याकडे कुणी पाहत असेल हे सतत ठाऊक असतं, म्हणून तो वळणावर येतो. आपल्या बाबतीत उलट आहे. आपल्याला पाहणारा जाणवतच नाही, म्हणून आपण मोकळेपणाने वागतो, आणि त्या मोकळेपणाचीच नोंद होते. बेंथमच्या कैद्याला निदान मनोरा तरी दिसत होता.

आता एकेका साधनाची समीक्षा करू. आम्ही तंत्रज्ञ नाही. पण पुस्तकाची समीक्षा करताना जे विचारतो तेच इथे विचारू: हे काय वचन देतं, ते पाळतं का, आणि त्याचं पोट कशावर चालतं?

क्रोम वेगवान आहे, सोयीचा आहे, आणि जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचा आहे. तृतीय पक्षाच्या कुकीज दोन वर्षांत बंद करू असं गूगलने 2020 च्या जानेवारीत जाहीर केलं. मग तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि 2024 च्या जुलैत तो बेतच सोडला गेला. ॲपलच्या सफारीने त्याच कुकीज 2020 मध्येच अडवल्या होत्या. तेव्हा तांत्रिक अशक्यतेची सबब इथे टिकत नाही.

फायरफॉक्स मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे. 2022 पासून तो प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या बरणीत ठेवतो. लोणच्याचा चमचा मुरांब्याच्या बरणीत जात नाही, असं समजा. जाहिराती आणि माग काढणारे तुकडे अडवणारी यूब्लॉक ओरिजिनसारखी जोडणी त्यात पूर्ण ताकदीने चालते, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. पण पोटाचा प्रश्न विचारला तर उत्तर अवघड आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलला ठरावीक सर्च इंजिन म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो. 2025 मध्ये मोझिलाने 'तुमची माहिती कधीच विकणार नाही' अशा अर्थाचं वचन आपल्या पानावरून काढलं, तेव्हा वापरकर्ते खवळले. खुलासे झाले, शब्द दुरुस्त झाले. तरीही आमचा कौल फायरफॉक्सलाच आहे. पण डोळे उघडे ठेवून.

ब्रेव्ह जाहिराती आणि माग काढणं सुरुवातीपासूनच अडवतो, काही जुळवाजुळव करावी लागत नाही. नवख्या माणसासाठी हा मोठा गुण. पण 2020 मध्ये असं उघड झालं, की काही क्रिप्टो संकेतस्थळांचा पत्ता टंकताना तो आपला कमिशनचा दुवा गुपचूप पुढे करत होता. कंपनीच्या प्रमुखांनी चूक कबूल केली. चूक सुधारली हे खरं, आणि ती लोकांनी पकडल्यावर सुधारली हेही खरं.

टॉर ब्राउझर वेगळ्या जातीचा आहे. तुमची विनंती तो तीन थांब्यांवरून फिरवून पाठवतो, आणि सगळ्यांचे ब्राउझर शक्य तितके सारखे दिसतील असं बघतो. वारीत पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस शोधून काढणं जितकं अवघड, तितकंच ते. तो संथ आहे, रोज वीजबिल भरायला उपयोगाचा नाही. पण ज्या पत्रकाराचा किंवा पीडित बाईचा जीव माहितीवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी तो असणं आवश्यक आहे.

सर्च इंजिनांत डकडकगो सर्वांत परिचित. तुमचा इतिहास साठवत नाही, जाहिरात त्या वेळच्या शोधशब्दावरून दाखवतो. म्हणजे छत्री शोधलीत तर छत्रीचीच जाहिरात, गेल्या महिन्यातल्या दुखण्याची नाही. त्याचे निकाल मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. 2022 मध्ये असं उघड झालं, की त्यांचा स्वतःचा ब्राउझर, कराराच्या बंधनामुळे, मायक्रोसॉफ्टचे काही माग काढणारे तुकडे अडवत नव्हता. ओरड झाल्यावर तो करार बदलला. स्टार्टपेज गूगलचे निकाल तुमची ओळख न देता आणून देतो, पण 2019 पासून त्यात एका जाहिरात कंपनीचा पैसा आहे. ब्रेव्ह सर्चची अनुक्रमणिका स्वतःची आहे, ही मोलाची गोष्ट.

आणि मराठीचं काय? आमचा अनुभव असा, की देवनागरीत शोधलं, ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं, की या इंजिनांचे निकाल गूगलपेक्षा तोकडे पडतात. तालुक्याच्या गावातलं दुकान, जुना मराठी लेख, एखाद्या शासन निर्णयाचा क्रमांक, असं काही हवं असलं की आम्हीही कधीकधी गूगलकडे जातो. हे लपवून उपदेश करणं बरोबर नाही. जी भाषा बाजाराला लहान वाटते, तिच्या वाचकाला खासगीपणाची किंमत जास्त मोजावी लागते. हा अन्याय आहे, आणि तो कुठल्याही सेटिंगमध्ये दुरुस्त होत नाही.

इथेच आमचा मुख्य आक्षेप येतो. 'योग्य ब्राउझर निवडा' असं म्हणताना आपण सगळा भार एकट्या माणसावर टाकतो. खरोखर निवडतं कोण? 2021 या एका वर्षात आपलं सर्च इंजिन आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने 26 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली, हे अमेरिकेतल्या खटल्यात पुढे आलं. लोक सेटिंग बदलत असते तर कुणी एवढे पैसे कशाला मोजले असते? आपल्याकडे 2022 च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गूगलला 1,337 कोटी रुपयांहून अधिक दंड केला. त्यानंतर भारतातल्या नव्या फोनवर सर्च इंजिन निवडण्याचा पर्याय देऊ, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. तो पर्याय आपल्या हुशारीने आला नाही, नियमाने आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. हक्काला प्रत्येक वेळी 'मला मान्य आहे' या बटणाच्या दारातून जावं लागत असेल, तर तो हक्क फार अरुंद झाला.

मग घरी जाऊन काय करायचं? तीन गोष्टी. रोजच्या वापरासाठी फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन घ्या, किंवा काहीच जुळवायचं नसेल तर ब्रेव्ह घ्या. सर्च इंजिन डकडकगो किंवा ब्रेव्ह सर्च ठेवा, आणि निकाल तोकडे पडले तर गूगलकडे जा, पण खात्यातून बाहेर पडून. आजाराचे, पैशाचे, कोर्टकचेरीचे शोध ज्या ब्राउझरमध्ये मेल उघडी असते त्यात करू नका. आणि एक पथ्य: जोडण्यांचा ढीग लावू नका. जितक्या निराळ्या जोडण्या, तितका तुमचा ठसा वेगळा.

शेवटी वारीच्या उदाहरणाकडे परत येऊ. एकटा वारकरी गर्दीत लपू शकत नाही, कारण एकट्याची गर्दी होत नसते. टॉर फक्त हेर वापरू लागले तर तो वापरणारा प्रत्येकजण हेर ठरेल. साधी माणसं साध्या कामाला अशी साधनं वापरतात, तेव्हाच ज्याला खरी गरज आहे त्याला आडोसा मिळतो. एओएलच्या यादीतल्या त्या बाईच्या शोधांत तिच्या मैत्रिणींची दुखणी होती, हे विसरू नका. आपल्या शोधांतही दुसऱ्यांची आयुष्यं असतात. म्हणून 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' हे उत्तर स्वतःपुरतंसुद्धा अपुरं आहे.

त्या बाई आज आल्या असतील तर त्यांना एवढंच सांगतो: तुमची शंका बरोबर होती, खिडकी चुकीची होती. घरी गेल्यावर आपला फोन बदलाच, पण शेजारच्या आजींचाही बदलून द्या.