खराटा, खापर आणि संग्रहालयाची संहिता

संग्रहालय ही एक संहिता मानली की दोन प्रश्न अटळ ठरतात : ती कोणाच्या भाषेत रचलेली आहे, आणि तिच्या वाचकाला अर्थनिर्णयनाचा अधिकार कितपत आहे? विद्यापीठीय कलासंग्रहालयात हे प्रश्न अधिक तीव्र होतात. कारण वस्तूला अर्थ देणारी आणि ज्ञान प्रमाणित करणारी संस्था तेथे एकच असते. प्रदर्शने व उपक्रम यांमुळे समाजात आपलेपणाची भावना रुजते, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

वऱ्हाडात ही तपासणी गाडगेबाबांच्या संदर्भात करता येते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्म (१८७६) अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे या आजोळी गेले. खराटा, डोक्यावरचे खापर आणि चिंध्यांचे वस्त्र ही त्यांची चिन्हव्यवस्था सर्वपरिचित आहे.

या वस्तू काचेच्या पेटीत मांडल्या तर काय घडते? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालयात लेखकाच्या वस्तू त्याच्या ग्रंथांकडे निर्देश करतात, आणि ते ग्रंथ वाचकापाशी स्वतंत्रपणे असतातच. गाडगेबाबांच्या खराट्यामागे असा स्वलिखित ग्रंथ नाही. दिवसा गाव झाडणे आणि रात्री कीर्तन करणे, या क्रियांतच त्याचा अर्थ होता. क्रिया वगळली की उरते ते साधेपणाचे प्रतीक. प्रेक्षक त्याला नमस्कार करील, पण त्याच्याशी बोलणार नाही. स्वतःच्या पाया पडू न देणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत हा अर्थाचा विपर्यासच होय.

१९५६ मध्ये वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. वऱ्हाडी बोलीत प्रश्न, श्रोत्यांचे उत्तर आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न, अशी या कीर्तनांची घडण आहे. श्रोता येथे संहितेचा सहकर्ता असतो. प्रदर्शनाची रचना कशी असावी, याचा देशी आदर्श या घडणीत सापडतो.

जेम्स क्लिफर्ड यांनी मेरी लुईस प्रॅट यांची संज्ञा स्वीकारून १९९७ मध्ये संग्रहालयाला 'संपर्कक्षेत्र' म्हटले. अमेरिकेतील पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात ट्लिंगिट समाजातील ज्येष्ठांना त्यांच्या पूर्वजांच्या वस्तू दाखविण्यात आल्या. अपेक्षा होती वस्तूंविषयीच्या माहितीची; ज्येष्ठांनी गाणी म्हटली, कथा सांगितल्या, आणि त्या कथांनी संग्रहालयावरच जबाबदारी टाकली. क्लिफर्ड यांच्या विवेचनातील हा भाग सर्वांत मोलाचा आहे. समाजाला आत बोलावणे सोपे असते. त्याने सांगितलेल्याने बांधले जाणे कठीण.

कीर्तनातही समता पूर्ण नसते. प्रश्न कोणते विचारायचे हे कीर्तनकारच ठरवतो. परंतु त्याला श्रोत्यांच्या गावात जावे लागते आणि आधी ते झाडावे लागते. विद्यापीठाच्या प्रदर्शनाला हीच अट लागू व्हावी. ते ऋणमोचनच्या यात्रेत, मूर्तिजापूरच्या धर्मशाळेत न्यावे. तेथे वऱ्हाडीत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी वस्तूंच्या नोंदीत सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतराव्यात, आणि त्या अभ्यासकाच्या नोंदीशी विसंगत असल्या तरी पुसल्या जाऊ नयेत. आपलेपणा हा संस्थेने समाजाला द्यावयाचा प्रसाद नव्हे. अर्थ लावण्याचा अधिकार ज्या प्रमाणात वाटला जातो, त्या प्रमाणातच तो निर्माण होतो.