पथिक, ऋतू आणि गोदावरी

हालाच्या ‘गाथासप्तशती’त पथिक एकटा असला, तरी ऋतू त्याला अर्थ पुरवतात : मेघ दाटताच घरी परतण्याची निकड जागते. प्रवासवर्णनाने हा संकेत स्वीकारला. त्यामागील नदी मात्र बदलली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणच्या वरच्या अंगाला १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झाले. तेव्हापासून तेथील गोदापात्र पावसाइतकेच धरणाच्या दरवाजांवर अवलंबून आहे. परिणामी श्रावणात रोडावलेले पात्र किंवा फाल्गुनात नाथषष्ठीला वाहणारे पाणी यांचा ऋतुसूचक अर्थ गृहीत धरता येत नाही. वेगवेगळ्या ऋतूंत एकट्याने परतणाऱ्या प्रवाशाजवळ पडताळ्यासाठी स्वतःची आधीची भेटच असते. दोन भेटींतील विसंगती नोंदवणारे लेखन ऋतुवर्णनाच्या रूढीतून सुटते. एरवी पाहिलेल्या नदीऐवजी वाचलेली नदीच पुन्हा लिहिली जाते.