सहयोगी संकेतसाधने आणि भावी शिक्षक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. त्याच्या आराखड्यात ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन’ हा स्वतंत्र घटक आहे. यातील ‘चिकित्सक’ या विशेषणाला सहयोगी साधनांच्या अध्यापनात कितपत न्याय मिळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विकीचे स्वरूप :
वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. ‘विकी’ या हवाईयन शब्दाचा अर्थ ‘जलद’ असा आहे. तथापि वेगापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे वाचकालाच लेखनाचा अधिकार मिळाला. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातील लेखांनाही ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ अशी पाने जोडलेली असतात. कोणी, केव्हा, काय बदलले हे पहिल्या पानावर कळते. ते का बदलले याचा वाद दुसऱ्यावर मांडता येतो. पाठ्यपुस्तकात ज्ञान सिद्ध रूपात भेटते. येथे ते घडताना दिसते. म्हणून भावी शिक्षकाच्या दृष्टीने मूळ लेखापेक्षा ही दोन पाने अधिक मोलाची होत.

सहयोग की वाटणी ?
जाणकाराच्या साहाय्याने मूल एकट्याच्या क्षमतेपलीकडचे कार्य करू शकते, हा व्हायगॉट्स्कीचा विचार सहयोगी साधनांच्या समर्थनार्थ मांडला जातो. परंतु साधन हाती आल्याने सहयोग आपोआप घडत नाही. चार प्रशिक्षणार्थींनी चार परिच्छेद वाटून घेतले आणि ते एका दस्तऐवजात जोडले, तर ती केवळ श्रमविभागणी होय. एकाने दुसऱ्याचे वाक्य तपासणे, त्यास आधार मागणे व मतभेद मिटविणे येथेच सहयोगाचा आरंभ होतो.

मूल्यमापनाचा प्रश्न :
गुण व्यक्तीला द्यावयाचे आणि कार्य मात्र गटाचे, हा पेच जुनाच आहे. ‘इतिहास’ पानामुळे व्यक्तीचे योगदान दिसते. पण संपादनांची संख्या मोजणे म्हणजे मूल्यमापन नव्हे. दहा ओळींची भर घालणाऱ्यापेक्षा एक चुकीचा सनावळीचा उल्लेख दुरुस्त करणाऱ्याचे कार्य श्रेष्ठ ठरू शकते. शिवाय प्रत्येक चूक कायमची नोंदली जाते, या भीतीने नवखा लेखक मूक होण्याचा धोकाही संभवतो.

मर्यादा :
साधनेही नश्वर असतात. अनेक वर्गांनी वापरलेले विकीस्पेसेस २०१८ मध्ये बंद होऊ लागले. केवळ बटणे शिकलेल्या शिक्षकाचे ज्ञान साधनासोबतच लोप पावते. दुसरी मर्यादा ज्ञानविषयक आहे. विकिपीडियाला प्रकाशित संदर्भ लागतो. त्यामुळे गावातील वृद्धांकडून ऐकलेला इतिहास खरा असूनही तेथे स्वीकारला जाईलच असे नाही. ही मर्यादा वर्गात लपविण्याऐवजी चर्चेला घेतल्यास ‘खरे’ आणि ‘पडताळण्याजोगे’ यांतील भेद स्पष्ट होतो.

निष्कर्ष :
प्रशिक्षणार्थीने किती साधने हाताळली, हा निकष अपुरा आहे. दुसऱ्याच्या लेखनात सकारण बदल करणे आणि आपल्या लेखनातील बदल सहन करणे, या दोन्ही गोष्टी त्याला साधल्या पाहिजेत. फळ्यावरील आपले विधान विद्यार्थ्याने दुरुस्त करणे ज्याला मानहानी वाटते, त्या शिक्षकाच्या वर्गात अद्ययावत साधनही एकमार्गीच राहील.