हरवलेले रीळ

लॉरेल आणि हार्डी या जोडीचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ हा दोन रिळांचा मूकपट १९२७ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. लॉरेल मुष्टियोद्धा, हार्डी त्याचा व्यवस्थापक. लॉरेलचा एक ठोसा दैवयोगाने लागू पडतो व प्रतिस्पर्धी आडवा होतो. परंतु हे महाशय आपल्या कोपऱ्यात न जाता पंचाशी हुज्जत घालीत बसतात आणि तेवढ्या अवधीत प्रतिस्पर्धी सावध होतो. त्याच वर्षी सप्टेंबरात शिकागो येथे झालेल्या डेम्प्सी-टनी सामन्यातील वादग्रस्त मोजणीचे हे विडंबन होय. पुढे हार्डी लॉरेलचा विमा उतरवतो आणि भरपाईच्या आशेने रस्त्यात केळ्याची साल टाकतो. घसरतो मात्र मलईची पक्वान्ने घेऊन निघालेला बेकरीचा माणूस, आणि सारा रस्ता युद्धभूमी होतो.

या युद्धाचा एक तुकडा रॉबर्ट यंगसन यांनी १९५७ च्या आपल्या संकलनपटात घेतला. पुढे कित्येक वर्षे रसिकांना तेवढाच ठाऊक होता, आणि त्यावरून ‘नुसती फेकाफेक’ असा निकाल देणारेही निघाले. अपुऱ्या पुराव्यावरचा तो निकाल होता. पहिले रीळ १९७९ मध्ये सापडले. दुसरे २०१५ मध्ये संग्राहक जॉन मिर्सालिस यांना मिळाले. विम्याच्या प्रसंगाचा काही भाग आजही नाही.

दुसरे रीळ सलग पाहिले की निकाल फिरवावा लागतो. इथे कोणी उगाच हात उचलीत नाही. नेम चुकतो, तिऱ्हाइताच्या तोंडाला मलई फासली जाते. तो क्षणभर स्तब्ध राहतो, अपमान मोजतो आणि मगच रीतसर फेड करतो. खरे हास्य त्या स्तब्धतेत आहे. संकलकाच्या कात्रीला नेमकी तीच फालतू वाटावी, यात नवल नाही.

आता संग्राहकांविषयी. मिर्सालिस यांना मिळालेली प्रत मूळची यंगसन यांचीच. म्हणजे ज्या संग्रहाने हे रीळ वाचवले, त्याच संग्रहात ते दशकानुदशके दडून राहिले! कायद्याने मालकाला आपली वस्तू कुलुपात ठेवता येते, हे आम्ही वकील मंडळी नाकारणार नाही. परंतु एकुलती एक प्रत ज्याच्या हाती आहे, तो मालकाहून अधिक विश्वस्त असतो. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उरले आहे. मधली कथा एखाद्या ट्रंकेत असेल अशी आशा धरणाऱ्याने आपली ट्रंक आधी उघडावी.