मींड आणि ब्याण्णव लाख ठिपके

केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची. 78 फेऱ्यांच्या तबकडीवर मावायचंच तेवढं. हीच भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही तबकडीच्या खाचांतूनच. माझ्याकडे मात्र ती आकड्यांत आहे.

परवा ऐकता ऐकता कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ध्वनिलहर मोठी करत गेलो. आधी केसाळ सुरवंटासारखा दिसणारा पट्टा उलगडला, त्यातून एकच नागमोडी रेघ निघाली आणि शेवटी उरले नुसते ठिपके. सेकंदाला 44,100, म्हणजे अख्ख्या भैरवीचे सुमारे 92 लाख. त्या त्या क्षणी लहर किती वर वा खाली होती, ते 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर बसवून लिहिलेलं.

मग मींड कुठे गेली? मींड म्हणजे दोन स्वरांमधली न तुटलेली वाट. तिचे तुकडे केल्यावर राहिलं काय? हा आक्षेप मीही बरीच वर्षं घेत आलो, तोही तावातावाने.

पण ऐका. बाईंचा खुला, भरदार आकार खाली उतरू लागतो आणि कुठेही पायरी लागत नाही. क्लॉड शॅननने 1949 साली मांडलेलं गणित इथे कामी येतं. लहरीतल्या सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतलं, तर त्या सगळ्या ठिपक्यांतून जाणारी, त्या मर्यादेतली लहर एकच असते. कान 20,000 कंपनांपलीकडे ऐकत नाही. 44,100 मोजमापं त्याला पुरून उरतात. वाजवताना यंत्र तीच एक रेघ पुन्हा ओढतं. ठेक्यात तबलजी क्षणभर थांबला तरी सम कुठे येणार हे ठरलेलंच असतं, तशी दोन ठिपक्यांमधली मींड ठरलेली असते. या गणिताला मी ‘क्या बात है’ म्हटलं, अगदी मोठ्याने.

खोट असलीच तर पायऱ्यांत. सूर विरत जातो तेव्हा खालच्या मोजक्या पायऱ्याच हाताशी उरतात आणि तो खडबडीत होऊ शकतो. म्हणून ध्वनिमुद्रक त्यात मुद्दाम किंचित खरखर मिसळतात. तिच्यामुळे पायऱ्यांच्या कडा बुजतात. बाईंच्या भैरवीत हे काम जुन्या तबकडीची खरखर फुकटात करते!

आणि आपण तीच काढायला निघतो. अशी एक ‘स्वच्छ’ आवृत्ती मला कुणी हौसेने पाठवली होती. खरखर गेली, तिच्याबरोबर बाईंच्या दमसासाचं शेवटचं टोकही गेलं. सूर विरत नाही, कापला जातो. तबकडीच्या खाचेत वरची झळाळी मुळातच उमटली नव्हती, ती कोणत्याही आकड्याने परत यायची नाही. पण जे उमटलं होतं ते तरी का पुसावं?

मी मूळचीच लावतो. सूर संपल्यावर सुई उचलेपर्यंत जी खरखर येते, तीही ऐकतो.