'रव' की 'ख'? : संगीताच्या एका नाममुद्रेविषयी

दोन वर्षांपूर्वी मराठी गाण्यांचे अॅप काढू पाहणारी काही तरुण मंडळी माझ्याकडे आली. नाव ठरलेले होते, रोमन लिपीतला लोगोही तयार होता. "सर, याचंच मराठी करून द्या," एवढेच मागणे. ते नाव इथे सांगत नाही. त्याच्या शेवटी 'रव' ही दोन अक्षरे होती, एवढे पुरे. रव म्हणजे आवाज. तेव्हा नाव निवडणाऱ्याला भाषेचा कान होता. डोळ्याचे काम मात्र राहून गेले होते. त्यांच्या डिझायनरने नमुना म्हणून जी देवनागरी आणली होती तिच्यात शिरोरेषा काढून टाकली होती, टोके गोल केली होती आणि अक्षरे एकमेकांना चिकटवली होती. 'र' आणि 'व' मिळून सरळ 'ख' झाला होता. मी ते नाव तसेच मोठ्याने वाचून दाखवले. एकजण हसला. दुसरा म्हणाला, "पण मॉडर्न दिसतंय ना?"

अक्षरे रेखाटण्यात माझी तीस वर्षे गेली. या 'मॉडर्न'चा अर्थ काय, हे तेव्हापासून डोक्यात आहे. संगीताच्या लोगोंचा मोठा भाग स्वरलिपीची शेपटी, हेडफोन, आवाजाच्या लाटा एवढ्यावरच भागवतो. त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बीट्स या हेडफोनच्या कंपनीने निदान छोटा रोमन 'बी' असा काढला की अक्षर म्हणजेच हेडफोन घातलेले डोके झाले. ती युक्ती हुशारीची आहे, पण एकदा कळली की संपते. न संपणारी युक्ती मला एकाच ठिकाणी दिसते, आणि तिला आता चाळीस वर्षे होऊन गेली.

एमटीव्ही ही वाहिनी अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. तिची नाममुद्रा न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन डिझाइन या छोट्या स्टुडिओने केली. पॅट गोरमन, फ्रँक ओलिन्स्की आणि पॅटी रोगॉफ अशी ती तीन माणसे. भिंतीतून कापून काढल्यासारखा जाडजूड 'एम', आणि त्याच्या अंगावर स्प्रेने घाईत फासल्यासारखे 'टीव्ही'. त्या काळी मोठ्या कंपनीचा लोगो म्हणजे ठरलेला रंग, ठरलेले माप, आणि त्यात ढवळाढवळ करायची नाही, असा शिरस्ता होता. इथे रंगच ठरवला नाही. आकाराची बाह्यरेषा तेवढी कायम. आत ठिपके, पट्टे, विटा, काय हवे ते भरा. पहिल्याच दिवशीच्या चित्रफितीत चांद्रवीराने रोवलेल्या झेंड्यावर हे चिन्ह होते आणि त्याची नक्षी क्षणाक्षणाला बदलत होती. संगीताचे एकही चित्र न काढता या अक्षराने संगीताचा स्वभाव उचलला: काही धरून ठेवायचे आणि बाकीचे मोकळे सोडायचे. (२०१० साली या लोगोखालचे 'म्युझिक टेलिव्हिजन' हे शब्द काढून टाकण्यात आले. वाहिनीवर तोवर गाणी किती उरली होती हे पाहता, हा तिचा प्रामाणिकपणाच म्हणायचा.)

ही कल्पना आपल्या कानाला परकी नाही. मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारातला नियामत खाँ आपल्या बंदिशींत 'सदारंग' ही मुद्रा घालतो. शब्द तोच, पण गाणारा त्यावर दर वेळी निराळी बढत करतो, आणि तरी नाव हरवत नाही. पुढे तबकड्या आल्या. १९०२ सालच्या ध्वनिमुद्रणांत गौहर जान गाणे संपताना इंग्रजीत आपले नाव पुकारते, कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळायला हवे. म्हणजे संगीतावर नाव उमटवण्याची आपली रीत आधी ऐकण्याची होती, पाहण्याची नंतर आली. ऐकलेल्या नावात 'रव'चा 'ख' होत नाही. कागदावर होतो, म्हणून अक्षरकाराची गरज.

आता अडचण लिपीची. 'एम' हे रोमन अक्षर एकटे उभे राहते. आपण त्याचे 'एम' लिहितो तेव्हाच दोन अक्षरे होतात. 'एमटीव्ही' तर चांगला लांबलचक शब्द. आद्याक्षरांची ती चैन आपल्याला नाही. त्याऐवजी आपल्याकडे शिरोरेषा आहे. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत जाई. गाण्याआधी तंबोरा लावून घ्यावा तसेच हे. एमटीव्हीच्या बाह्यरेषेचे काम देवनागरीत करू शकेल अशी एकच गोष्ट मला दिसते, ती ही रेघ. आणि 'मॉडर्न' दिसण्यासाठी आपण सर्वात आधी तिलाच कापतो.

शिरोरेषा काढू नये असा माझा हट्ट नाही. गुजरातीने ती सोडली आणि लिपी नीट चालते. पण तिथली अक्षरे त्या रेघेवाचून उभी राहायला पिढ्यान्पिढ्या शिकली आहेत. आपल्याकडे कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची अक्षरे हवी तशी वाकवली, ताणली, मोडली. जाहिरातीतले नाव वाचून होण्याआधी नाटकाची जात कळे, आणि नाव तरीही बिनचूक वाचता येई. मोडण्याचा अधिकार त्यांनी असा मिळवला होता. तरुणांची बाजूही खोटी नव्हती. फोनवरच्या नखाएवढ्या चौकोनात वर वेलांटी, खाली उकार आणि मधे रेघ असे सगळे बसवायचे तर अक्षराच्या अंगाला जागाच उरत नाही. या अडचणीला माझ्याकडे पुरते उत्तर नव्हते.

मी त्यांना तीन आठवड्यांनी एक रचना दिली. शिरोरेषा जाड, सलग, कधीही न बदलणारी. तिच्याखालची अक्षरे गाण्याच्या प्रकाराप्रमाणे बदलणारी: लावणीला उसळणारी, अभंगाला सरळ, भावगीताला बोरूच्या वळणाची. 'र'चा पाय 'व'पासून चांगला दूर. चौकोनासाठी फक्त रेघ आणि तिला टांगलेला एक 'र'. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग जो आधी हसला होता तोच म्हणाला, "छान आहे, पण शाळेच्या फळ्यासारखं वाटतं." मानधन वेळेवर आले, हेही सांगायला हवे.

पुढे त्यांच्या एका मैफलीला गेलो. गायिकेच्या मागे भला मोठा फलक होता, त्यावर त्यांचीच जुनी, बिनरेघेची अक्षरे. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींनी चष्मा नीट बसवून ते नाव 'ख'सकट वाचले, आणि शेजारच्या नातवाला विचारले, "म्हणजे काय रे?" त्याने मान न वळवता सांगितले, "आजी, ते रव आहे." त्यानंतरच्या कार्यक्रमाच्या फलकावर 'र' आणि 'व' यांच्यात बोटभर जागा सोडलेली दिसली. रेघ मात्र नव्हती.