संगणकीय आज्ञावलींचे आकलन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साहाय्यक साधने : एक चिकित्सा

आज्ञावली लिहिण्यास मदत करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक २०२१ मध्ये आलेल्या गिटहब कोपायलटपासून विशेष परिचित झाले. तथापि हजारो फाइल्सचा मोठा प्रकल्प अशा साहाय्यकापुढे एकाच वेळी संपूर्ण ठेवणे बहुधा शक्य नसते. त्यामुळे प्रकल्पातील नेमका भाग निवडून देणारी साधने निर्माण झाली. या साधनांमुळे साहाय्यकास आज्ञावली ‘समजते’, असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा केली आहे.

या साधनांच्या तीन पद्धती प्रामुख्याने आढळतात : शब्दांचा शोध, अर्थसाम्याचा शोध आणि रचनेचे विश्लेषण. तिसऱ्या पद्धतीत ट्री-सिटर हे साधन आज्ञावलीचा व्याकरणवृक्ष तयार करते. एडर हा साहाय्यक त्याच्या आधारे परस्परसंदर्भांचे जाळे उभारून प्रकल्पाचा संक्षिप्त नकाशा बनवितो. कोणत्या फाइलमध्ये कोणती महत्त्वाची फंक्शन्स आहेत, हे अशा नकाशावरून चटकन कळते. हे या साधनांचे निर्विवाद यश होय.

परंतु नकाशा म्हणजे आकलन नव्हे. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की, आज्ञावलीचे खरे ज्ञान तिच्या संहितेत नसून ती रचणाऱ्यांच्या मनातील सिद्धांतात असते. उदाहरणार्थ, महाविद्यालयाच्या शुल्क आकारणीच्या आज्ञावलीत एखादी अपवादात्मक अट असेल, तर तिचे स्थान ही साधने दाखवितात. ती कोणत्या निर्णयामुळे आली व आज काढता येईल काय, हे केवळ रचनेवरून सांगता येत नाही.

मूल्यमापनातही हीच मर्यादा दिसते. २०२३ च्या एसडब्ल्यूई-बेंच या कसोटीत १२ पायथन प्रकल्पांतील २,२९४ समस्या आहेत. उत्तराची ग्राह्यता चाचण्यांवरून ठरते. चाचणी उत्तीर्ण होणे हा योग्य बदलाचा पुरावा ठरू शकतो, कारणमीमांसा समजल्याचा नव्हे.

अर्थात, हा दोष सर्वस्वी साधनांचा नाही. निर्णयांची कारणे लिहून ठेवली असतील, तर साधनांना तीही शोधता येतात. जे लिहिलेच नाही, ते शोधणार कोठून? म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे परीक्षण करताना आज्ञावली चालते काय, एवढेच पाहणे पुरेसे नाही. ती अशीच का लिहिली, याचे लेखी व तोंडी स्पष्टीकरण मागणे आवश्यक ठरते. अन्यथा साधने अधिक कुशल होतील आणि आज्ञावली जाणणारा मात्र कोणीच उरणार नाही.